सोळा चिपांचा फोटो आणि माझे 12,330 रुपये

बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरच्या दुरुस्तीत मला एकाने फसवलं. आकडा आधीच सांगतो, म्हणजे दोन-पाचशेसाठी मी एवढा त्रागा करतोय असं कुणाला वाटायला नको. तपासणीचे 1,500. सोळा मेमरी चिप, प्रत्येकी 475 प्रमाणे 7,600. मजुरी 2,400. कुरिअर जाताना 380, येताना 450. एकूण 12,330 रुपये, सगळे यूपीआयने, माझ्याच हाताने पाठवलेले. लिहिताना लाज वाटते आहे, पण माझ्यानंतर अजून कुणाला तरी हा माणूस गाठणार, म्हणून लिहितोय.

मशीन बाबांचं. डीबी स्पेक्ट्रम प्लस, म्हणजे ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीचा घरगुती कॉम्प्युटर, आपल्याकडे परवान्याने बनायचा तो, 1988 साली घेतलेला. बाबा गेल्यावर तो माळ्यावरच राहिला. मागच्या दिवाळीत खाली काढून लावला, तर सुरू झाल्यावर दिसणारी © 1982 ची ओळ यायच्या ऐवजी पडद्यावर नुसत्या उभ्या पट्ट्या. ज्यांनी हे मशीन वापरलंय त्यांना कळलंच असेल, खालची मेमरी गेलेली. मला सोल्डरिंग येतं, चिप बदलणं मला नवीन नाही. पण बाबांच्या मशीनला हात लावायची भीती वाटली. त्या जुन्या बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्या जरा जास्त उष्णता लागली की उचलल्या जातात. म्हणून जाणकाराकडे द्यावं असं ठरवलं. यात माझं काय चुकलं, हे मला अजूनही कुणी सांगावं.

व्हॉट्सॅपच्या एका ग्रुपवरून नंबर मिळाला. माणूस गोड बोलणारा. पार्सल पोचलं त्याच संध्याकाळी फोन. "सर, मेमरी सगळी गेलीय. सोळाच्या सोळा. टेस्टरला लावून बघितल्या."

तेव्हाच ठेवायला हवा होता फोन. चिप बोर्डावर सोल्डर केलेल्या असतात. टेस्टरला लावायच्या तर आधी उपसायला लागतात. सोळा चिप, प्रत्येकीच्या सोळा पिना, म्हणजे 256 जोड. एका संध्याकाळी? पण मी म्हटलं, असेल हात बसलेला.

मी फोटो मागितला. इतकी अक्कल मला होती. त्याने लगेच पाठवला. वर्तमानपत्रावर दोन ओळींत मांडलेल्या सोळा चिप. मी तो बोटांनी मोठा केला आणि मोजल्या. बरोबर सोळा भरल्या. दहा मिनिटांत 10,000 रुपये पाठवून मोकळा झालो.

मोजल्या, पण वाचल्या नाहीत. सोळाही चिपांवर 4116 लिहिलेलं आहे. अगदी स्वच्छ दिसतंय. या मशीनमध्ये 4116 असतात फक्त आठ! मेमरीच्या खालच्या 16 के (किलोबाइट) भागासाठी. वरच्या 32 के च्या आठ चिप वेगळ्याच जातीच्या असतात. 64 के च्या चिपचा अर्धा भाग खराब निघाला की ती 32 के म्हणून स्वस्तात विकायचे, त्याच सिंक्लेअरने वापरल्या. त्यांच्यावर 4532 किंवा 3732 असे नंबर असतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. शाळेत असल्यापासून माहीत आहे. फोटो तीन महिने माझ्या फोनमध्ये होता, आणि ज्या रात्री हे लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

मशीन परत आलं, लावलं, तर त्याच पट्ट्या. तो म्हणाला, प्रवासात हललं असेल. मग म्हणाला, यूएलए (पडदा वगैरे सांभाळणारी मोठी चिप) गेलीय, अजून 1,800 पाठवा. मी नाही म्हटलं आणि त्याने मला ब्लॉक केलं.

मग मीच उघडलं. वरच्या आठ चिपांना त्याने हातसुद्धा लावलेला नव्हता. त्यांच्या पिनांमधली धूळ तशीच, सोल्डर कारखान्यातलं. खालच्या आठ नव्या, सॉकेटमध्ये, वर पांढरीशुभ्र अक्षरं. कापसाच्या काडीला अॅसिटोन लावून एका चिपवर फिरवली, तर काडी काळी झाली. रंग उतरला, अक्षरं गेली, खाली घासल्याचे आडवे ओरखडे आणि दुसऱ्याच एका नंबरचे अवशेष. चिप नवी म्हणून घ्याल तेव्हा ही काडी आधी फिरवा, आणि पैसे नंतर द्या.

आणि मूळ रोग वेगळाच. 4116 ला तीन व्होल्टेज लागतात, +5, +12 आणि -5. पिन 1 वर मीटर लावला, -5 च्या जागी शून्य. म्हणजे व्होल्टेज बनवणारी जागाच मेलेली, टीआर4 आणि टीआर5 हे दोन ट्रान्झिस्टर. -5 गेलं की या चिप जळतात, खऱ्या घातल्या तरी जळतात. पाच मिनिटांची तपासणी आहे ही. दुरुस्ती करणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा, "पिन 1 वर किती आलं?" आकडा सांगता आला नाही तर मशीन उचलून घरी आणा.

पोलीस ठाण्यात गेलो. अंमलदाराने आधी विचारलं, कॉम्प्युटर किती जुना? 1988 म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवलं. "साहेब, वस्तू तुम्ही दिली, त्याने परत केली, यात फसवणूक कुठे?" रंगवलेल्या चिप टेबलावर ठेवल्या, काळी काडी दाखवली. म्हणाला, ग्राहक आयोगात जा. पूर्वी ज्याला चारशेवीस म्हणायचो ते आता कलम 318 झालं, पण अर्ज घ्यायचा नाही ही पद्धत तीच. बँकेत गेलो. "पैसे तुम्हीच पाठवलेत ना? मग आम्ही काय करणार?" ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, सगळं वाचून गेलो. तिथे समोरच्याचा पत्ता लागतो. पार्सलवरच्या पत्त्यावर नोटीस पाठवली, "अशी व्यक्ती येथे राहत नाही" म्हणून परत आली. त्या नंबरमागचा माणूस बँकेला माहीत आहे, पण पोलिसांनी लिहून मागितल्याशिवाय बँक सांगणार नाही. पोलीस गुन्हा नोंदवल्याशिवाय लिहिणार नाहीत. गुन्हा ते नोंदवत नाहीत, कारण त्यांच्या मते हा दिवाणी वाद आहे. चार फेऱ्या झाल्या, अर्ध्या दिवसाच्या चार रजा गेल्या. मी कर भरतो, कधी कुणाचा रुपया बुडवला नाही, आणि मलाच उभं करून विचारतात, "एवढ्या जुन्या वस्तूवर कशाला खर्च केलात?" ती वस्तू माझ्या वडिलांची आहे. किंमत मी ठरवीन.

पैसे देण्याआधी पत्ता आणि ओळखपत्र घ्या. मशीन पाठवण्याआधी झाकण उघडून प्रत्येक चिपचा फोटो काढा, नंबर वाचता येईल असा. काढलेल्या चिप परत मागा. मी मागितल्या होत्या, "टाकून दिल्या" म्हणाला.

शेवटी मीच केलं. दोन ट्रान्झिस्टर 84 रुपयांत आले, आठ खऱ्या 4116 एका ओळखीच्या माणसाने जुन्या बोर्डावरून काढून दिल्या. मेमरी कुठपर्यंत चालते तो आकडा दाखवणारी आज्ञा, प्रिंट पीक 23732 + 256 * पीक 23733, टाइप केली. वरची मेमरी मेलेली असती तर 32767 आलं असतं. आलं 65535. म्हणजे ज्या आठ चिप मेल्या म्हणून त्याने 3,800 घेतले, त्या बाबांच्या मूळ आठही चिप जिवंत आहेत.

त्याचा नंबर मी इथे देत नाही, तो बदलत असतो. फोटो मात्र बदलत नाही, गेल्या आठवड्यात दुसऱ्या एकाला तोच आला. दुसऱ्या ओळीत डावीकडून तिसऱ्या चिपची कोपऱ्यातली पिन आत वळलेली आहे. ती दिसली की पैसे पाठवू नका.