पलंगामागची भिंत: इमल्शन की वॉलपेपर?

बेडरूमची एकच भिंत उठावदार करायची ठरली की आधी कॅटलॉग उघडला जातो. त्याआधी भिंत तपासा. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बंद करा आणि 24 तास ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी धरलं तर ओल आतून येतेय. खोलीकडच्या बाजूला धरलं तर हवाच दमट आहे. मुंबई-कोकणात पावसाचा मारा खाणारी भिंत असेल, तर उन्हाळ्यात केलेल्या या चाचणीवर विसंबू नका.

आतून ओल असेल तर वॉलपेपर नकोच. व्हिनाइल (प्लास्टिकचा थर दिलेला वॉलपेपर) वाफ बाहेर सोडत नाही, मागे बुरशी धरते आणि वास सुटेपर्यंत पत्ता लागत नाही. इमल्शनचेही, म्हणजे पाण्यात कालवायच्या भिंतीच्या रंगाचेही, पोपडे निघतील, पण ते निदान दिसतात. गळती काढल्याशिवाय दोन्हींवरचा खर्च वायाच.

भिंत कोरडी असेल तर मापं घ्या. 10 फूट रुंद, 9 फूट उंच भिंतीला पुट्टी-प्रायमरनंतर इमल्शनचे दोन हात द्यायला साधारण 1 लिटर पुरतं. वॉलपेपरचा नेहमीचा रोल 53 सेंटिमीटर रुंद, 10 मीटर लांब, म्हणजे 57 चौरस फूट. एका रोलमधून 9 फुटांच्या तीन पट्ट्या निघतात आणि भिंतीला सहा लागतात. दोन रोल झाले. भिंत 10 फूट 5 इंचांच्या पुढे गेली की सातव्या पट्टीसाठी तिसरा रोल घ्यावा लागतो. नक्षी मोठी असेल तर ती जुळवताना प्रत्येक पट्टीत थोडा कागद वाया जातो, म्हणून पट्ट्यांचा हिशेब नक्षीच्या मापाने पुन्हा करा. सगळ्या रोलवर बॅच नंबर एकच हवा, नाहीतर छटेत फरक पडतो.

वॉलपेपर लावला म्हणजे पुट्टी वाचली, असं नाही. जुना डिस्टेंपर दोन्हींसाठी खरवडावाच लागतो, कारण त्याच्या भुकटीवर काहीच नीट धरत नाही. पुट्टीवर प्रायमर न मारता कागद चिकटवला, तर पुढे काढताना पुट्टीही सोबत येते. पहिली पट्टी कोपऱ्याच्या रेषेने न लावता ओळंब्याच्या (दोरीला टांगलेल्या वजनाच्या) उभ्या रेषेने लावायची. कोपरे क्वचितच सरळ असतात. लावल्यावर निदान एक दिवस पंखा आणि एसी बंद ठेवा. जोड घाईने वाळले की आकसतात आणि कडा उचलतात.

वापरात खरा फरक पडतो तो डोकं टेकण्याच्या जागी. हेडबोर्ड (पलंगाची डोक्याकडची उभी फळी) नसेल तर केसांच्या तेलाचा डाग पडणारच. मॅट इमल्शन घासलं की तिथे चकाकी येते आणि तेवढाच तुकडा रंगवला तरी तो वेगळा दिसतो. सॅटिन, म्हणजे हलक्या चमकेचं इमल्शन, पुसता येतं, पण बाजूने दिवा पडला की पुट्टीतला प्रत्येक उंचवटा उघडा पडतो. व्हिनाइल वॉलपेपर इथे सरस ठरतो, ओल्या फडक्याने पुसला की झालं. मात्र जोडावर घासू नका.

हेडबोर्ड असेल, किंवा दर तीन-चार वर्षांनी रंग बदलायची हौस असेल, तर इमल्शनच घ्या. कोरडी भिंत आणि हेडबोर्ड नसलेला पलंग असेल तर व्हिनाइल, तोही नॉन-वोव्हन (न विणलेल्या तंतूंच्या) पाठीचा. तो बहुधा अख्ख्या पट्टीने सुटून येतो; कागदी पाठीचा भिजवून खरवडावा लागतो. उरलेला तुकडा त्याच बॅच नंबरसह जपून ठेवा, स्विचबोर्डाजवळची फाटलेली कड त्यानेच दुरुस्त होईल.