नार्कॉटिक फार्म, लेक्सिंग्टन (केंटकी): सोयी झकास, रिझल्ट विचारू नका

५ पैकी २ स्टार देतोय, त्यातला एक फक्त लॅबसाठी आणि तोही हात आखडता घेऊन.

नार्कॉटिक फार्म म्हणजे अमेरिकन सरकारचं ड्रगच्या व्यसनींसाठीचं हॉस्पिटल. ते १९७४ पासून हॉस्पिटल राहिलेलं नाही, आता फेडरल जेल आहे, त्यामुळे कोणी ॲडमिट व्हायला निघणार नाही हे मलाही कळतं. पण व्यसनमुक्तीबद्दल वाचत बसलं की फिरून फिरून याच जागेवर येऊन पोचतो, म्हणून म्हटलं एकदाचा रीतसर रिव्ह्यू टाकू.

आधी हे निघालं कशाला ते बघा. अमेरिकेत १९१४ चा हॅरिसन कायदा (अफू, मॉर्फिन, कोकेनवर बंधनं घालणारा) आला, मग १९१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की डॉक्टरने नुसती सवय चालू ठेवायला मॉर्फिन लिहून द्यायचं नाही, झालं, काल जो पेशंट होता तो आज गुन्हेगार. पुढच्या दहा वर्षांत फेडरल जेलं असल्या लोकांनी खचाखच भरली आणि जेलवाले म्हणायला लागले की यांना कुठेतरी दुसरीकडे न्या बाबा. मग स्टीफन पोर्टर नावाच्या खासदाराने बिल आणलं, १९२९ ला कायदा झाला, पहिली फार्म लेक्सिंग्टनला मे १९३५ मध्ये उघडली, दुसरी १९३८ ला टेक्सासात फोर्ट वर्थला. त्यामुळे 'हॉस्पिटलचं शेवटी जेल झालं' हे जे सगळे हळहळत सांगतात ना, ते मला काही पटत नाही. जेलच्या गर्दीतूनच हे निघालं होतं, खिडक्यांना गज पहिल्यापासून होते.

सोयींना मात्र नाव ठेवायला जागा नाही. साधारण हजार एकर जागा, गायींचा गोठा, शेती, शिवणकाम, सुतारकाम, बोलिंग, टेनिस. पहिले मुख्य डॉक्टर लॉरेन्स कोल्ब, त्यांचं म्हणणं व्यसनी माणूस आजारी आहे, गुंड नाही, मोकळी हवा आणि काम द्या. त्या काळात हे बोलायला छाती लागत होती. आणि संगीत! सोनी रोलिन्स, चेट बेकर असले जॅझवाले इथे राहून गेलेत, बँडला कधी माणसं कमी पडली नसणार. रोलिन्स तर इथून गेल्यावर खरंच सुटला.

ॲडमिशन दोन प्रकारची, शिक्षा झालेले कैदी आणि स्वतःहून आलेले. १९४१ पासून बायकांनाही घ्यायला लागले. स्वतःहून आलेला कधीही निघून जाऊ शकायचा आणि बरेच जण जायचेच, म्हणून मग काय करायचे, पुन्हा आलेल्याला आधी लोकल कोर्टात उभा करून व्यसनाचा गुन्हा कबूल करायला लावायचे, वर्षभराची शिक्षा, ती हॉस्पिटलात काढायची. पेशंट लोक याला 'ब्लूग्रास' करणं म्हणायचे. म्हणजे स्वतःच्या पायाने आलेला माणूसही कैदीच.

आता रिझल्ट. ड्रग हळूहळू कमी करत तोडायचे (नंतर नंतर मेथाडोन हे बदली औषध देऊन), ते व्यवस्थित व्हायचं. पण न्यूयॉर्कला परत गेलेल्यांचा पाठपुरावा केला तेव्हा नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांचे पहिले पाढे पंचावन्न, आणि तेही बहुतेकांचे सहा महिन्यांच्या आत. राग याचा येतो की याच बिल्डिंगमधले डॉक्टर एब्राहम विकलर सांगत होते की महिनोन् महिने कोरा राहिलेला माणूस जुन्या गल्लीत पाय ठेवला की त्याला परत विथड्रॉवलसारखं (नशा तोडल्यावर होतो तसा त्रास) व्हायला लागतं. हे माहीत असून माणसाला त्याच गल्लीत परत सोडायचे, पुढे ना कोणी विचारणारा ना कोणी सांभाळणारा. गोठ्यात कितीही दूध काढलं तरी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत त्याचं करायचं काय?

लॅब म्हणजे ॲडिक्शन रिसर्च सेंटर. इथे हिमेल्सबाख नावाच्या डॉक्टरने जांभया, घाम, नाक गळणं, अंगावर काटा असलं सगळं मोजून विथड्रॉवल किती जोरात आहे त्याचे मार्क ठरवले, तोपर्यंत लोक म्हणायचे नाटकं करतात. ब्युप्रेनॉर्फिनचं महत्त्वाचं कामही सत्तरच्या दशकात इथलंच, आपल्याकडे सरकारी व्यसनमुक्ती केंद्रांत जिभेखाली ठेवायला देतात ती गोळी. हा तो एक स्टार.

आणि हात आखडता का, तर या लॅबचा प्रमुख हॅरिस इसबेल. सीआयएच्या पैशावर कैद्यांना एलएसडी (भास घडवणारं ड्रग), त्यात सात जणांना तर सलग ७७ दिवस. बदल्यात शिक्षेत सूट घ्या नाहीतर हेरॉइन-मॉर्फिन घ्या! व्यसन सोडवायला आणलेल्या माणसाला बक्षीस म्हणून तेच व्यसन, आणि वर त्याची सही घेतली म्हणून सगळं कायदेशीर. १९७५ ला सिनेटपुढे हे सगळं निघालं आणि पुढच्या वर्षी कैद्यांवरचे प्रयोग बंद झाले.

१९७४ ला बिल्डिंग जेल खात्याकडे गेली. १९८६ ला तळघरात बायकांसाठी एक हाय सिक्युरिटी युनिट काढलं, सगळं पांढरंफटक, उजेड नाही, हवा नाही, त्यावर इतकी बोंब झाली की १९८८ ला गुंडाळावं लागलं. सध्या तिथे आजारी कैद्यांना ठेवतात, नाव फेडरल मेडिकल सेंटर.

त्या भागात राहणाऱ्यांनी विचारायच्या आधीच सांगतो, टूर वगैरे काही नाही, चालू जेल आहे, लीसटाउन रोडवर फोटोसाठी गाडी थांबवायच्या भानगडीत पडू नका.