न्यूयॉर्कचे अग्निशामक स्मारक: कारंजे म्हणून सामान्य, स्मारक म्हणून आवर्जून पाहावे असे

न्यूयॉर्कला गेलेला मराठी प्रवासी तेथील अग्निशामक जवानांना अभिवादन करण्यासाठी बहुधा जागतिक व्यापार केंद्राच्या जागेवरील दोन विशाल जलकुंडांपाशी जातो. त्या जलकुंडांपेक्षा सुमारे शंभर वर्षांनी जुने असे एक स्मारक मॅनहॅटनच्या पश्चिम कडेला, १०० व्या रस्त्यापाशी रिव्हरसाइड ड्राइव्हवर उभे आहे, आणि पर्यटकांच्या यादीत ते क्वचितच आढळते. प्रवेश विनामूल्य आहे. तिकीट नाही, रांग नाही.

प्रथम उणी बाजू सांगतो. उसळणारे फवारे आणि रंगीत दिवे यांच्या अपेक्षेने येथे येणाऱ्याची निराशा होईल. कारंजे म्हणजे स्मारकाच्या पुढ्यात बसवलेला एक संयत दगडी हौद आहे. शहरातील कारंजी हिवाळ्यात बंद ठेवली जातात, त्यामुळे त्या दिवसांत येथे जाणाऱ्याने पाण्याची अपेक्षाच ठेवू नये. माझ्या मते पाणी हे या रचनेचे सर्वांत दुबळे अंग आहे, आणि तरीही त्याचे तेथे असणे मनाला टोचते, याचे कारण स्मारकाच्या जन्मकथेत आहे. फेब्रुवारी १९०८ मध्ये कॅनाल स्ट्रीटवरील आगीत अग्निशामक दलाचे उपप्रमुख चार्ल्स क्रूगर यांचा मृत्यू झाला तो ज्वाळांमुळे नव्हे, तर पाण्याने भरलेल्या तळघरात पडून. त्यानंतर बिशप हेन्री पॉटर यांनी स्मारकाची कल्पना पुढे मांडली. मात्र त्याच वर्षी त्यांचेही निधन झाले. उभारणीला लागलेल्या सुमारे ९० हजार डॉलरांपैकी निम्म्याहून अधिक रक्कम लोकवर्गणीतून जमली आणि ५ सप्टेंबर १९१३ रोजी स्मारकाचे लोकार्पण झाले.

वास्तुरचना हॅरल्ड व्हॅन ब्युरेन मॅगॉनिगल यांची असून शिल्पे अ‍ॅटिलिओ पिचिरिल्ली यांची आहेत. सेंट्रल पार्कच्या कोपऱ्यावरील ‘मेन’ युद्धनौकेचे स्मारकही याच जोडीचे आणि त्याच वर्षीचे आहे. पण त्याच्या सोनेरी भपक्यापुढे हे काम मला अधिक प्रामाणिक वाटते. शवपेटीच्या घाटाच्या संगमरवरी चौथऱ्यावर, आगीकडे बंब ओढत नेणाऱ्या घोड्यांचा भव्य शिल्पपट आहे. मूळ संगमरवरी पट ऊनपावसाने झिजल्यामुळे त्याच्या जागी १९५० च्या दशकात ब्राँझची प्रतिकृती बसवण्यात आली, हे जाणकाराला खटकेल. तथापि घोड्यांच्या ताणलेल्या मानांमधील वेग प्रतिकृतीतही टिकून आहे.

दोन बाजूंना ‘कर्तव्य’ आणि ‘त्याग’ असे दोन शिल्पसमूह आहेत. ‘त्याग’मध्ये मृत जवानाला सावरून बसलेली स्त्री आहे, तिची बैठक येशूचे कलेवर मांडीवर घेतलेल्या मेरीच्या प्रसिद्ध रचनेवर इतकी बेतलेली आहे की दुःखाआधी कलापरंपराच डोळ्यांत भरते. ‘कर्तव्य’मधील स्त्रीजवळ मूल आहे आणि जवानाचा कोट व टोपीही आहे. मला ही मूर्ती कितीतरी सरस वाटली, कारण जवान स्वतः तेथे नसतानाही, किंबहुना नसल्यामुळेच, त्याच्या घरी काय चालले असेल हे ती सांगून जाते. दल घडवणाऱ्या कोणा एका नेत्याचा पुतळा उभारण्याऐवजी मागे राहिलेल्या माणसांना शिल्पात स्थान देणे, हे १९१३ च्या मानाने मोठे धाडस म्हणावे लागेल. कोरलेल्या लेखातही कोणाचे नाव नाही. ‘कधीही न संपणाऱ्या युद्धातील सैनिक’ असा जवानांचा एकत्रित उल्लेख आहे.

ज्यांनी हे बंब ओढले त्या घोड्यांसाठी प्राणिदया संस्थेने १९२७ मध्ये येथे ब्राँझचा एक वेगळा फलक बसवला. शहरातील घोड्यांचे बंब १९२२ मध्येच बंद झाले होते, तेव्हा घोडे निवृत्त झाल्यानंतर त्यांची आठवण ठेवणारा हा फलक पोळ्याच्या दिवशी बैलाचे ऋण मानणाऱ्या मराठी माणसाला विशेष भावेल. तो न पाहता परतू नये.

मुंबईच्या गोदीतील १४ एप्रिल १९४४ च्या स्फोटात धारातीर्थी पडलेल्या जवानांची आठवण आपल्याकडे दरवर्षी अग्निशमन सेवा सप्ताहाने जागवली जाते. न्यूयॉर्कचे दल आपल्या मृत जवानांना याच चौकात अभिवादन करते, आणि २००१ च्या हल्ल्यात ३४३ सहकारी गमावल्यानंतर लोक येथे फुले घेऊन जमले होते. वार्षिक सोहळा साधारणतः ऑक्टोबरमध्ये असतो. शिल्पे निवांतपणे पाहायची असल्यास तो दिवस टाळावा.

भुयारी रेल्वेच्या ९६ व्या किंवा १०३ व्या रस्त्याच्या स्थानकावर उतरून थोडे पश्चिमेला चालावे लागते. शिल्पपट पश्चिमाभिमुख, हडसन नदीच्या दिशेला आहे, त्यामुळे दुपारनंतरचा प्रकाश त्यासाठी उत्तम. खालच्या रस्त्यावरून आल्यास बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी वरच्या बाजूच्या रस्त्याने यावे.