घरची गोष्ट घरातच ठेवणारं स्मार्ट होम: ॲलेक्सा, ॲपल होम की होम असिस्टंट?

दिवा किती वाजता मालवला, दार कधी उघडलं, घर कधीपासून रिकामं आहे... स्मार्ट होमच्या नोंदी म्हणजे घरातल्यांची दिनचर्याच. ती घरात राहते की कंपनीच्या सर्व्हरवर जाते, हे आधी बघा. ॲप किती देखणं आहे ते नंतर.

ॲलेक्सा आणि गूगल होम लावायला सगळ्यांत सोपे, वादच नाही. पण तुमचं बोलणं क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर जातं. ॲमेझॉनने तर ॲलेक्साच्या काही एको स्पीकरवरचा ‘रेकॉर्डिंग पाठवू नका’ हा पर्याय मार्च २०२५ मध्ये काढूनच टाकला. गोपनीयता हाच निकष असेल तर माझ्या लेखी दोन्ही बाद.

ॲपल होममध्ये होमपॉड किंवा ॲपल टीव्ही घरातला हब, म्हणजे सगळी उपकरणं सांभाळणारा मुख्य डबा होतो. होमकिट सिक्युअर व्हिडिओ (ॲपलची कॅमेऱ्यांसाठीची सेवा) चालणाऱ्या कॅमेऱ्यासमोर माणूस आला की मांजर, हे तो हबच ओळखतो. चित्रण आयक्लाउडवर जातं ते एंड-टू-एंड एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे ॲपललाही बघता येणार नाही असं कुलूपबंद होऊन. मात्र घरात एकाकडे जरी अँड्रॉइड असला, तरी त्याच्यासाठी होम ॲपच नाही.

होम असिस्टंट हे स्मार्ट होम चालवणारं सॉफ्टवेअर २०१३ पासूनचं, ओपन सोर्स (कोड सगळ्यांसाठी खुला). रास्पबेरी पाय या छोट्याशा संगणकावरही चालतं, कुठल्या कंपनीकडे खातं उघडावं लागत नाही, नोंदी त्याच डबीत राहतात. बाहेरगावाहून दिवे लावायचे तर व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतची खासगी, सुरक्षित वाट) किंवा होम असिस्टंटमागच्या नाबू कासा कंपनीची वर्गणी. किंमत मोजावी लागते ती वेळेची: अपडेटनंतर एखादं उपकरण रुसतं, आणि सगळं जमवणारा माणूस गावाला गेला की बाकीचे हतबल! ही हौस नसेल तर हुबिटॅट हा तयार हब बघा; ओपन सोर्स नाही, पण ऑटोमेशन हबवरच चालतात.

मात्र प्लॅटफॉर्म कितीही चांगला असला तरी बल्ब चुगलखोर असू शकतो. वाय-फायचा बल्ब थेट इंटरनेटवर पोचतो, झिग्बीचा (उपकरणांसाठीची वाय-फायहून वेगळी बिनतारी पद्धत) फक्त हबशी बोलतो. मॅटर या वेगवेगळ्या कंपन्यांच्या सामाईक मानकामुळे उपकरणं घरातल्या घरात चालवता येतात; पण वाय-फायवरचं मॅटर उपकरण निर्मात्याकडे काहीच पाठवत नाही, अशी हमी त्यात नाही. राउटरची इंटरनेटची वायर काढून दिवा लागतो का बघणं ही निम्मीच परीक्षा. वायर परत जोडल्यावर तो काय पाठवतो, ते कळत नाही.

म्हणून हौस असेल तर होम असिस्टंट आणि झिग्बी. सगळ्यांकडे आयफोन असतील तर ॲपल होम. होम असिस्टंटसाठी कॅमेरा आरटीएसपी (घरातल्या नेटवर्कवरच थेट चित्रण पाठवण्याची पद्धत) देणारा घ्या आणि राउटरमधून त्याचं इंटरनेट बंद करून टाका.