‘बिग लव्ह’: तीन घरं, एक अंगण

पावसाळ्यात सुरू केलेली ‘बिग लव्ह’ दिवाळी उलटल्यावर संपली. एचबीओ या अमेरिकन वाहिनीची २००६ ते २०११ मधली मालिका, पाच सीझन, ५३ भाग. जेवणं उरकली की एक भाग, मध्ये कधी आठवडाभर खाडा. एका बैठकीत चार-चार भाग बघू नका, नाती डोक्यात राहत नाहीत. आणि पोरं जागी असताना तर लावूच नका.

युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीला लागून सँडी नावाचं उपनगर आहे, तिथली ही गोष्ट. बिल हेनरिक्सन (बिल पॅक्स्टन) घरदुरुस्तीच्या सामानाची दुकानं चालवतो. तीन घरं, मागचं अंगण एक, आणि बायका तीन : बार्ब, निकी, मार्जीन. कायद्याने बायको फक्त बार्ब. मार्जीन समोरच्या शेजारणीशी जीव लावून मैत्री करते, पण आपल्या मुलांचा बाप कोण एवढंही तिला खरं सांगता येत नाही.

तीन बायका म्हटल्यावर ज्यांचे डोळे लकाकतात त्यांची निराशा होईल. भांडणं सगळी वारांची आणि पैशांची. कोणत्या रात्री बिल कुणाकडे, हे आधीच ठरलेलं. एकीने दुसरीची रात्र मागितली की आवाज मऊ होतो, नजर नाही. वेणी आणि गळाबंद लांब झगे घालणारी, धर्माच्या गोष्टी सगळ्यात जास्त सांगणारी निकी चोरून क्रेडिट कार्डावर हजारो डॉलरची उधारी करून ठेवते. वर मूल नको म्हणून गोळ्या घेते, त्याही चोरून. क्लोई सेव्हिनीने ती अशी उभी केली आहे की संताप येतो आणि त्याच प्रसंगात कीवही येते. या भूमिकेसाठी मिळालेला गोल्डन ग्लोब शंभर टक्के योग्य.

आमच्या सासूबाईंच्या आजोळी दोन आज्या होत्या. मुंबई प्रांतात १९४६ ला द्विभार्याबंदीचा कायदा आला, त्याच्या आधीचं ते लग्न. दोन-तीन भाग येता-जाता बघून त्या म्हणाल्या, “नवऱ्याचं काय बघतेस? चाव्या कुणाकडे आहेत ते बघ.” त्यानंतर मी तेच बघत राहिले आणि मालिका जास्त कळली. चाव्या बार्बकडे आहेत, आणि निकीला ते घास गिळताना टोचतं.

घराबाहेरचा तिढा मात्र थोडा समजून घ्यावा लागतो. मॉर्मन हा युटात जोर असलेला ख्रिस्ती पंथ. त्यांच्या चर्चने १८९० मध्ये बहुपत्नीत्व अधिकृतपणे सोडलं. ज्यांना ते मान्य नव्हतं त्यांच्यातल्या काहींनी आडबाजूला बंदिस्त वस्त्या केल्या. मालिकेतलं जुनिपर क्रीक हे काल्पनिक गाव तसंच. तिथला ‘प्रेषित’ रोमन ग्रँट म्हणजे निकीचा बाप, आणि हॅरी डीन स्टँटन तो इतक्या शांतपणे करतो की पोटात गोळा येतो. बिलही तिथलाच, पोरवयात हाकलून दिलेला. म्हाताऱ्यांना बायका जास्त हव्यात, म्हणजे गावात तरणी पोरं कमी हवीत, असं साधं गणित. खऱ्या जगात अशाच एका पंथाचा म्होरक्या वॉरन जेफ्स २००६ च्या ऑगस्टमध्ये पकडला गेला, पहिला सीझन संपला त्याच उन्हाळ्यात.

म्हणजे या कुटुंबाला दोन्हीकडून मार. वस्तीला पैशात वाटा हवा, आणि सभ्य मॉर्मन समाजाला कळलं तर धंदा आणि अब्रू दोन्ही बुडाले. पहिल्या सीझनच्या शेवटी आदर्श मातेच्या समारंभात बार्बचं बिंग फुटतं, तो भाग मी दोनदा बघितला. तिसऱ्या सीझनमध्ये मॉर्मन मंदिरातला गुप्त विधी दाखवला, त्यावर २००९ मध्ये चर्चने नाराजी जाहीर केली. एचबीओने दिलगिरी व्यक्त केली, पण भाग दाखवलाच.

तक्रार चौथ्या सीझनबद्दल. बिल राज्याच्या सिनेटची निवडणूक लढवतो आणि लेखकांचा तोल सुटतो. नऊ भागांत राजकारण, कॅसिनो, अपहरण, सगळं कोंबलंय. अंगणातली तीन घरं कुठच्या कुठे राहतात. मी तो भाजी निवडता निवडता बघितला, काही बिघडलं नाही.

पाचव्यात गाडी रुळावर येते, ती बार्बमुळे. धार्मिक अधिकार पुरुषांकडेच का, हा प्रश्न ती नवऱ्याला घरातच विचारते, आणि इतकी वर्षं समजूतदार वाटलेला बिल एकदम हट्टी म्हातारा दिसायला लागतो. शेवट सांगत नाही. आमच्या घरात तो फक्त मला पटला.