पणजीची हजेरी: रोज ये-जा, खोली की बदली?

भाचीची ऑर्डर आली ती शुक्रवारी संध्याकाळी. सरकारी ऑर्डरी याच वेळेला का निघतात कोण जाणे. घरून काम बंद, सोमवारपासून पाचही दिवस कार्यालयात, हजेरी मशीनवर. घर डिचोलीला, कार्यालय पणजीत पाटोवर. रात्री तिचा फोन: "मावशी, रोज येऊ-जाऊ, पणजीत खोली बघू, की डिचोलीतच बदली मागू?"

मला विचारलं कारण मी तिन्ही करून बसले आहे. कोविडच्या लाटांत निम्मे कार्यालयात आणि निम्मे घरी असं चाललं होतं. केंद्र सरकारने ७ फेब्रुवारी २०२२ पासून सगळ्यांना पूर्ण हजेरीवर बोलावलं, आणि आमचंही 'घरून'चं पर्व त्याच सुमारास आटोपलं. त्यानंतर दीड वर्ष मी रोज ये-जा केली, एक पावसाळा पणजीलगतच्या ताळगावला खोली घेऊन राहिले आणि आता तालुक्याच्या कचेरीत आहे. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते. पेडणे, सत्तरी, काणकोणवाल्यांनी अंतरं आपापली घालून घ्यावीत.

आधी मशीनचं बघू, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. गोव्यात सरकारी वेळ साडेनऊ ते पावणेसहा. घरी असताना रात्री दहाला फाईल पुढे सरकवली तरी कुणी विचारत नव्हतं. मशीनला तुमची फाईल दिसत नाही, फक्त तोंड दिसतं. केंद्राच्या नियमात महिन्यातून दोनदा, तेही तासाभरापर्यंतचा उशीर माफ होऊ शकतो. त्यापुढे प्रत्येक उशिराला अर्धी किरकोळ रजा कापतात. वर्षाला किरकोळ रजा मिळतात ८. म्हणजे असे सोळा उशीर झाले की खातं कोरडं, आणि चवथीला घरी गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला रजा उरत नाही. आपल्या खात्याचं परिपत्रक काय म्हणतं ते आधी वाचा. म्हणून माझं मोजमाप एकच: नेहमीच्या दिवशी किती वेळ लागतो ते सोडा, वर्षातल्या सगळ्यात वाईट दिवशी कुठली सोय साडेनऊला मशीनसमोर उभी करते ते बघा.

रोजची ये-जा

डिचोलीहून पणजीला तीन वाटा. अस्नोडा-म्हापसा-पर्वरीची, आमोणे-माशेल-बाणस्तारीवरून जुन्या गोव्याची, आणि मये-चोडणवरून फेरीबोटीने रायबंदरची. नकाशात तिसरी जवळची. स्कूटरवाल्यांना ती फार आवडते आणि का ते मला ठाऊक आहे: सकाळी बोटीवर दहा मिनिटं कुणी हॉर्न वाजवत नाही, पाण्यावर धुकं असतं, समोर सलीम अली अभयारण्याची तिवरं. जुलै २०२५ पासून तिथे रो-रो फेरी, म्हणजे गाड्या एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरतात अशी मोठी बोट, आल्याने धक्क्यावरचं ताटकळणंही कमी झालं. तरी बोट ती बोट. समोर गाड्यांची रांग लागली आणि पुढची स्कूटर चढल्यावर साखळी पडली की नऊ वाजून पाच मिनिटं झालेली असतात, आणि तुम्ही अजून चोडणलाच.

स्कूटरचा हिशेब मांडूनच बघा. जाऊन-येऊन साठ किलोमीटर, महिन्याचे बावीस दिवस, म्हणजे तेराशेवीस किलोमीटर. लिटरला पंचेचाळीस धरलं तर जवळजवळ तीस लिटर पेट्रोल. तेवढ्यावर भागत नाही. अडीच महिन्यांत सर्व्हिसिंग येतं, टायर वर्ष-दीड वर्षात गुळगुळीत होतो. शिवाय म्हापशाच्या वाटेने गेलात तर मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकीला बंदी, त्यामुळे चारचाक्या वरून सरळ जाताना बघत जुन्या पुलाच्या गर्दीत शिरायचं. पर्वरीत उन्नत मार्गाचं काम निघाल्यापासून तिथे वेळेचा भरवसाच गेला. आणि डिचोली-साखळी पट्ट्यात खनिजाचे ट्रक पुढे असले की पावसात स्कूटरवाल्याच्या तोंडावर लाल चिखलाचा फवारा ठरलेला. एकदा मी तशीच मशीनसमोर उभी राहिले. मशीनने ओळखलं नाही. शिपायाने मात्र ओळखलं आणि स्वतःचा रुमाल दिला.

बसचं तसं नाही. बस सावकाश नेते, पण नेते. मी पावणेआठची धरायचे. सव्वानऊला, फार तर नऊ वीसला पणजीच्या कदंब बसस्टँडवर. मासिक पास काढला की खर्च स्कूटरच्या जवळपासही जात नाही. भाचीला एक फायदा असा की पाटो स्टँडला लागूनच, चालत पाच-सात मिनिटं. हाच प्रश्न आल्तिनोवरच्या माणसाने विचारला असता तर मी वेगळं बोलले असते, कारण तिथे बसमधून उतरल्यावर चढण आहे, आणि घाई असेल तर पायलटचे, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलचे, पैसे. पर्वरीच्या सचिवालयातल्यांचं नशीब उलटं: म्हापशाकडून येताना ते मांडवी ओलांडण्याआधीच उतरतात, पुलाची कटकट त्यांना नाही. पणजीतलं कार्यालय नेमकं कुठल्या टोकाला आहे, त्यावर अर्धा निर्णय असतो. लोक ते विसरून नुसतं "पणजी" म्हणतात.

बसचं दुखणं संध्याकाळी. पावणेसहाला सुटायचं आणि साहेबांनी साडेपाचला "जरा हे विधानसभेच्या प्रश्नाचं उत्तर" म्हणून बोलावलं की झालं. अधिवेशनाच्या दिवसांत हे ठरलेलं. नेहमीची बस गेली की म्हापसा करून जायचं, तिथे दुसरी बस, घरी साडेआठ. नोव्हेंबरात इफ्फी हा चित्रपट महोत्सव, फेब्रुवारीत कार्निव्हल, शनिवार-रविवारच्या तोंडावर कॅसिनोच्या गाड्या, अशा दिवसांत मांडवीकाठचा रस्ता मुंगीच्या पावलाने चालतो.

खोली

खोलीचा मोह मला पहिल्याच जूनमध्ये झाला. दुसऱ्या जूनमध्ये घेतली. ताळगावला, दोघींत एक, माझ्या वाट्याला साडेसात हजार. दारातून मशीनपर्यंत पंचवीस मिनिटं. चार महिन्यांत एकदाही उशीर नाही. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, यायचा, गरम उंडे पाव, चहा, आणि नऊला निघायचं. एवढी निवांत सकाळ मला नोकरी लागल्यापासून मिळाली नव्हती.

मग अडचण काय? पहिली, घरमालक अकरा महिन्यांचा करार मागतात आणि दोन-तीन भाडी डिपॉझिट. पणजी परिसरात पर्यटकाला दिवसावर दिलेली खोली नोकरदाराला महिन्यावर दिलेल्या खोलीपेक्षा जास्त कमावते, तेव्हा मालक तुमच्यासाठी थांबलेला नसतो. पावसाळ्यात पर्यटक कमी, तेवढ्यात थोडी घासाघीस जमते. दुसरी अडचण समजुतीची. बऱ्याच जणांना वाटतं खोली घेतली की घरभाडे भत्ता वाढेल. भत्ता नेमणुकीच्या ठिकाणावर ठरतो, तुम्ही झोपता कुठे त्यावर नाही. डिचोलीहून या की ताळगावहून, स्लिपवर आकडा तोच. खोलीचं भाडं सरळ खिशातून.

आणि तिसरी, जी कागदावर येत नाही. घरून काम होतं तेव्हा माझ्या बहिणीच्या, म्हणजे भाचीच्या आईच्या, इन्सुलिनच्या वेळा भाची बघायची. दुपारी एकला जेवण, त्याआधी सुई. तेव्हा शेजारणी "पोरगी रजेवर का?" विचारून हैराण करायच्या, लाईट गेली की लॅपटॉप घेऊन मंदिराच्या सभामंडपात बसावं लागायचं, हे सगळं खरं. पण सुई वेळेवर जायची. खोली घेतली तर भाचीच्या हातची सुई फक्त शनिवार-रविवारी जाईल. ये-जा केली तर निदान सकाळ-रात्रीची.

बदली

हे सगळ्यांना पहिलं सुचतं आणि सगळ्यात उशिरा हाती लागतं. तुमचं पद सर्व खात्यांत फिरणारं आहे की एकाच खात्यापुरतं, हे आधी आस्थापना शाखेत विचारा. खात्यापुरतं असेल आणि तालुक्यात त्या खात्याचं मंजूर पदच नसेल, तर अर्ज कितीही सुंदर मराठीत लिहा, उपयोग नाही. पद असेल तर परस्पर बदलीचा माणूस शोधणं जास्त फळतं. मला अकरा महिन्यांनी मिळाला: त्याचं घर पणजीजवळच्या मेरशीला, नेमणूक डिचोलीला, तो रोज उलट्या दिशेने धक्के खात होता. बाणस्तारीच्या पुलावर आमच्या बसेस बहुतेक वर्षभर एकमेकींना ओलांडत होत्या.

तालुक्यात आल्याचा पस्तावा? थोडा. काम वेगळं. संचालनालयात फाईल बोलते, तालुक्यात माणसं बोलतात, टेबलासमोर, सगळी एकदम, दाखल्यासाठी. धोरण कसं ठरतं ते बघायला मिळत नाही. पुढे बढतीने परत पणजीलाच जावं लागण्याची शक्यताही असते. तरी सव्वापाच मिनिटांत घर. मी मोजलं आहे.

काहीजण रजेचा मार्ग बघतात. अर्जित रजा वर्षाला ३०, अर्धवेतनी २०, आणि वृद्ध आईवडिलांच्या सेवेसाठीही त्या वापरता येतात. लहान मुलं असलेल्या महिलांना बालसंगोपन रजा पूर्ण नोकरीत ७३० दिवस. त्यातल्या पहिल्या ३६५ दिवसांना पूर्ण पगार, पुढच्यांना ८० टक्के. हा रोजच्या प्रवासावरचा इलाज नव्हे. आजारपणात, परीक्षेत लागेल म्हणून ठेवा.

तर भाचीला काय सांगितलं? स्कूटर नको, निदान म्हापशाच्या वाटेने तरी नको. पास काढ आणि बसने ये. परस्पर बदलीचा अर्ज आजच टाक, कारण त्याला वेळ लागणारच आहे. खोलीचा करार पहिल्या महिन्यात करू नकोस. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी कुणाच्या खोलीत वाटा मिळतो का बघ, आणि तोही आईच्या सकाळच्या सुईची सोय लागली तरच. शेजारची नर्स निवृत्त झाली आहे, तिला विचार. कार्यालय आल्तिनोला किंवा मिरामारला असतं, घरी कुणी आजारी नसतं, तर मी कदाचित आधी खोली म्हणाले असते.

सोमवारी ती पावणेआठच्या बसला चढली. नऊ एकवीसला मशीनसमोरचा फोटो पाठवला, केस विस्कटलेले. खाली लिहिलं होतं: नर्सबाई हो म्हणाल्या, पण चवथीच्या आठवड्यात नाही.