मुलांचा वाचनकोपरा : तयार रॅक आणि मेस्ताने केलेली मांडणी

मुलांसाठी घरात वाचनाचा कोपरा करायचा म्हटले की ऑनलाइन दुकानांत सर्वांत आधी समोर येतो तो एमडीएफचा छोटा रॅक, ज्यात पुस्तके उभी खोचून न ठेवता मुखपृष्ठे समोर दिसतील अशी तिरपी ठेवता येतात. असा एक रॅक फोंडा तालुक्यातील आमच्या घरात संपूर्ण पावसाळाभर वापरला आणि त्यानंतर जवळजवळ त्याच मापाची मांडणी गावातल्या मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून, फणसाच्या लाकडात करून घेतली. दोन्ही वस्तू रोजच्या वापरात पाहिल्यावर माझे मत असे आहे की, या रॅकची रचना अतिशय विचारपूर्वक केलेली आहे, मात्र तो ज्या फळीचा बनवतात ती गोव्याच्या हवेत टिकणारी नाही.

आधी रचनेविषयी, कारण तिचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. ज्या मुलाला अजून सलग वाचता येत नाही, त्याच्या दृष्टीने कपाटात दाटीने लावलेली पुस्तके म्हणजे निव्वळ रंगीत पट्ट्या असतात. मुखपृष्ठावरचा हत्ती किंवा होडी दिसली तरच ते पुस्तक त्याच्या ओळखीचे होते. आमच्या धाकट्या मुलीला जोडाक्षरे अजून अडतात, पण या रॅकसमोर उभी राहून ती कोणालाही न विचारता हवे ते पुस्तक काढते आणि बहुतेक वेळा परत त्याच कप्प्यात ठेवते. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी 1907 साली रोममध्ये पहिले बालगृह सुरू केले, तेव्हा मुलांच्या उंचीचे आणि त्यांना स्वतः हाताळता येईल असे सामान हा त्या कामाचा पाया होता, आणि आपल्याकडे बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी तोच विचार बोर्डी आणि कोसबाडच्या अंगणात, खेड्यातल्या साध्यासुध्या साधनांनिशी रुजवला. सर्वांत वरचा कप्पा मुलाच्या डोळ्यांच्या रेषेपेक्षा वर जाता कामा नये, एवढी एक गोष्ट पाळली तरी या वस्तूचे निम्मे काम झाले. आम्ही घेतलेल्या रॅकची उंची साधारण ऐंशी सेंटीमीटर होती आणि ती अगदी योग्य होती.

आता फळीविषयी. एमडीएफ म्हणजे लाकडाचा बारीक तंतुमय भुसा चिकट द्रव्यात मिसळून, दाबून तयार केलेला तक्ता. त्याच्या सपाट पृष्ठभागावर लॅमिनेट असते, पण कापलेल्या कडांवर केवळ एक पातळ पट्टी चिकटवलेली असते आणि ओल शिरते ती तिथूनच. जूनच्या मध्यापासून आमच्याकडे हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस उतरत नाही. जुलै संपता संपता सर्वांत खालच्या कप्प्याची कड फुगून पुरीसारखी झाली, तिची पांढरी पट्टी सुटून वर आली, आणि ती नखाने सोलत बसणे हा मुलांचा पुस्तकांपेक्षा आवडता उद्योग झाला. त्याखेरीज मागच्या तक्त्याला जिथे हवा लागत नव्हती, तिथे राखाडी बुरशी धरली आणि ती तिथून पुस्तकांच्या मलपृष्ठांवर उतरली. विक्रेत्याकडे तक्रार केली असता ‘कोरड्या जागी ठेवावे’ ही माहितीपत्रकातील ओळ दाखवण्यात आली. चार महिने कोरडी जागाच नसलेल्या प्रदेशात ही वस्तू पाठवताना हे आधी सांगायला हवे होते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. ज्यांना हाच रॅक घ्यायचा असेल त्यांनी निदान फळीतल्या चिकट द्रव्यातून सुटणाऱ्या फॉर्माल्डिहाइड या अपायकारक वायूच्या कमी उत्सर्जनाची ‘ई-1’ श्रेणी लिहिलेली आहे का ते पाहावे आणि खोका उघडल्यावर काही दिवस तो उघड्या हवेत ठेवावा.

भिंतीला बसवण्याचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. मूल खालच्या कप्प्यावर पाय ठेवून वर चढते, हे गृहीत धरूनच अशी वस्तू भिंतीला आवळावी लागते. सोबत आलेले प्लास्टिकचे प्लग इतके आखूड होते की ते गिलाव्यातच संपत होते, आणि आमच्यासारख्या चिऱ्याच्या घरांत गिलाव्याच्या आत पोचल्याशिवाय पकड मिळत नाही. शेवटी लांब स्क्रू आणून काम करावे लागले. भिंत निवडतानाही पाऊस कोणत्या बाजूने झोडपतो ते पाहावे. आमची पश्चिमेची भिंत श्रावणापर्यंत पाझरत असते, म्हणून कोपरा वसरीच्या, म्हणजे ओसरीच्या, आतल्या भिंतीला केला आहे.

मेस्ताने केलेल्या मांडणीत हे सगळे दोष एकेक करून दूर झाले. जुन्या पडवीच्या दुरुस्तीतून उरलेल्या फणसाच्या फळ्या घरात होत्या. फणसाच्या गाभ्याच्या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही, म्हणून आपल्याकडे दारे-खिडक्या, देव्हारे त्याचे होत आले आहेत. रॅकचे माप मेस्ताला दिले, तेव्हा त्याने स्वतःहून दोन बदल सुचवले. मागे सलग तक्ता न लावता आडव्या पट्ट्या मारल्या, ज्यामुळे पुस्तकांच्या पाठीमागून वारा खेळतो, आणि मांडणी व भिंत यांच्यामध्ये दोन बोटे जाडीचे लाकडी ठोकळे ठेवून त्यांतून स्क्रू घेतले, ज्यामुळे ती भिंतीला घट्ट आवळलेलीही आहे आणि चिकटलेलीही नाही. पुस्तके पुढे पडू नयेत म्हणून प्रत्येक कप्प्याला जी पट्टी असते तिची वरची कड त्याने रंधा मारून, मग घासपेपरने इतकी गोल केली आहे की धावत आलेल्या मुलाचे कपाळ आपटले तरी खोक पडणार नाही. कारखान्यातून आलेल्या रॅकची हीच पट्टी काटकोनात धारदार होती.

रंगकामाबाबत एक सूचना. वाळवीसाठी लाकडाला काजूच्या टरफलांचे तेल लावण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. ते वाशांना लावावे, मुलांचा हात लागणाऱ्या वस्तूला मुळीच नाही, कारण त्याने कातडीवर फोड येतात. आम्ही जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू दिला. डांबराच्या गोळ्याही या कोपऱ्यात नकोत. त्या विषारी आहेत आणि लहान मुलाला मिठाईसारख्या दिसतात. त्यांच्याऐवजी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या वरच्या कप्प्यामागे, हात पोचणार नाही अशा बांधल्या आहेत, आणि उघडीप मिळाली की पुस्तके काढून पंख्याखाली पसरतो.

खर्चाचे सांगायचे तर तयार लाकूड घरात असूनही मेस्ताची मजुरी रॅकच्या किमतीच्या आसपास गेली. लाकूड विकत घ्यावे लागले असते तर खर्च बराच वाढला असता. शिवाय मेस्त चतुर्थीपूर्वी मिळणे कठीण, त्यामुळे थांबावे लागते. ज्यांचे घर भाड्याचे आहे, किंवा वातानुकूलित खोलीत ज्यांना कोपरा करायचा आहे, त्यांना तयार रॅक चालून जाईल. इतरांनी थांबावे, असे मी आग्रहाने म्हणेन.

बसायला बीनबॅग घेऊ नये. तिच्या कृत्रिम कापडावर एप्रिल-मे महिन्यांत मूल दहा मिनिटेही बसत नाही. चटईवर पातळ कापसाची गादी, तिला धुता येणारी खोळ आणि वर आजीने शिवलेली गोधडी एवढे पुरते. दिवा उबदार पिवळट उजेडाचा आणि चार्ज होणारा असावा, कारण वादळी पावसात वीज नेमकी संध्याकाळीच जाते.

कप्प्यांत मात्र एका वेळी पंधरा-सोळाच पुस्तके ठेवावीत आणि ती बदलत राहावीत. सगळा संग्रह एकदम मांडला की मुले त्याकडे पाहीनाशी होतात, हे आम्ही दोन्ही मुलांच्या बाबतीत पाहिले. पुस्तके बदलण्यासाठी ती सारखी विकत घ्यावी लागत नाहीत. पणजीला पाटो येथे असलेल्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा 1832 पर्यंत मागे जाते आणि तिथे मुलांसाठी स्वतंत्र विभाग आहे. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तके स्वस्त असतात, आणि बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. त्यांतल्या निवडक कथा छापून, शिवून आम्ही मोठ्या मुलासाठी एक कप्पा राखून ठेवला आहे. अशा घरी शिवलेल्या पातळ पुस्तिका तिरप्या कप्प्यात वाकतात, म्हणून त्यांच्या मागे जाड पुठ्ठा लावावा.